फाइट भारी, लव्हस्टोरी बोअर: एकाच पिक्चरवर दोन मतं का पडतात

कुंगफू-कराटेवाला पिक्चर आला आणि त्यात लव्हस्टोरी असली की थेटरातून बाहेर पडणाऱ्यांची दोन वाक्यं ठरलेली असतात. एक जण म्हणतो, फाइट एक नंबर होती यार, पण मधेमधे ते प्रेमबिम कशाला घुसडलं. आणि त्याच्याच मागून जिना उतरणारी म्हणते, जोडी किती मस्त होती, पण केवढी ती मारामारी, डोकं उठलं माझं. पिक्चर तोच, शो तोच, तिकिटाचे पैसे तेवढेच. नाशिकमधे कॉलेज रोडच्या पोरांना विचारा नाहीतर सातपूर-अंबडला फर्स्ट शिफ्ट सुटल्यावर संध्याकाळच्या शोला आलेल्यांना विचारा, भांडण हेच निघतं, आणि मग कोणाला अक्कल कमी आहे यावर चहा संपेपर्यंत वाद चालतो.

माझं म्हणणं असं की यात अकलेचा काही संबंध नाही. दोघंही खरं बोलतायत, फक्त दुखतंय एकीकडे आणि बोट दाखवतायत दुसरीकडे. "लव्हस्टोरी बोअर" म्हणणाऱ्याला बहुतेक वेळा प्रेमाचा त्रास नसतो, ते प्रेम फाइटपासून तोडून वेगळं ठेवलंय याचा असतो, आणि "मारामारी जास्त" म्हणणारीला मारामारीच्या लांबीपेक्षा ती कशी शूट केलीय, कशी कापलीय याचा त्रास झालेला असतो.

आधी फाइट घेऊ. पडद्यावर कोणी लाथ मारली आणि आपण खुर्चीत बसल्या बसल्या अंग चोरलं, हे कधी होतं? ती लाथ निघाली कुठून आणि बसली कुठे हे एका नजरेत दिसलं तर. हाँगकाँगच्या जुन्या पिक्चरमधे म्हणून कॅमेरा मागे ठेवलेला असायचा, दोघंही डोक्यापासून पायापर्यंत अख्खे फ्रेममधे, आणि शॉट पटकन तुटायचा नाही. हीरोला खरंच लढता येत असेल तर हे परवडतं. येत नसेल तर मग कॅमेरा हलवायचा, सेकंदा-सेकंदाला कट मारायचा, एकदा मूठ, एकदा तोंड, एकदा फुटलेली काच, आणि आवाज फुल. बघणाऱ्याला मग प्रत्येक तुकड्यात नव्याने शोधावं लागतं की आता कोण कुठे उभा आहे, कोणाचा हात कोणता, आणि दहा मिनिटं हे शोधकाम केल्यावर माणूस दमतो. त्या दमण्याला तो "फार मारामारी होती" म्हणतो, खरं तर मारामारी धड दिसलीच नाही म्हणून ती फार वाटली.

दुसरी गोष्ट म्हणजे फाइटच्या मधला थांबा. डेव्हिड बॉर्डवेल नावाचे अमेरिकन अभ्यासक होते, त्यांनी हाँगकाँगच्या पिक्चरवर बराच अभ्यास केला, आणि त्यांनी दाखवून दिलं की तिथल्या फाइटचा एक ठेका असतो: क्षणभर स्तब्ध, मग धडाधड चार-पाच वार, मग पुन्हा स्तब्ध. याचं मूळ बरंचसं पेकिंग ऑपेरात, म्हणजे चीनच्या जुन्या रंगभूमीत आहे. जॅकी चॅन, सॅमो हंग ही मंडळी लहानपणी ऑपेराच्या शाळेतच घडली, आणि त्या रंगभूमीवर नट उड्या-बिड्या मारून झाल्या की एका पोझमधे गच्च थांबतो म्हणजे लोकांना त्याच्याकडे नीट बघता यावं. आपल्याकडे कथकवाली समेवर येऊन थांबते आणि टाळी पडते ना, तोच हिशोब. थेटरात शिट्टी पडते ती कायम या थांब्यात पडते हे कधी मार्क करा. लाथा चालू असताना कोणी शिट्टी मारत नाही, सगळे श्वास धरून बसलेले असतात. शेवटचा पडला, हीरोने मान वळवली, तिथे अर्धा सेकंद मोकळा सोडलेला असतो आणि तो अर्धा सेकंद प्रेक्षकांसाठी असतो. ज्या पिक्चरमधे एडिटरने हे मोकळे अर्धे सेकंद खाऊन टाकले तिथे फाइट कितीही खर्चिक असो, थेटर मुकाट बसून राहतं.

थोडी चलाखी चांगल्या फाइटमधेही असतेच, नाही असं नाही. पिक्चर सेकंदाला 24 फ्रेमने, म्हणजे 24 चित्रांनी चालतो, तर शूट करताना 22 फ्रेमने करायचं, की पडद्यावर हात जरा जास्तच जलद चालतो. ठोसा बसतो तो क्षण एका अँगलने दाखवून पुढच्या अँगलने पुन्हा किंचित मागून सुरू करायचा, म्हणजे एकच फटका दीड वेळा दिसतो आणि आपल्याला तो जबर वाटतो. आणि आवाज तर सगळाच नंतर भरलेला, खऱ्या ठोशाचा आवाज फारच फुसका असतो हो, उशी आपटल्यासारखा.

आता नाशिकमधे कराटे, तायक्वांदोचे क्लास गल्लोगल्ली आहेत, जुन्या नाशकात आणि पंचवटीत तालमी आहेत, त्यामुळे ग्रुपमधे एखादा तरी शिकलेला असतोच आणि तो सोबत असला की मजा पण येते आणि वैताग पण. सगळी जनता हीरोचं तोंड बघत असते, हा पाय बघत असतो. तेही लाथेचा नाही, जमिनीवरचा पाय. गोल फिरवून लाथ मारायची तर उभा असलेला पाय पंज्यावर गर्रकन वळावा लागतो, टाच समोरच्याच्या दिशेला येते, कंबर उलटते, तेव्हा कुठे लाथेत जोर येतो. पाय जमिनीला चिकटलेलाच राहिला आणि तरी समोरचा पाच फूट उडाला, की आमचे हे साहेब अंधारात "हॅट्" म्हणतात आणि मग पुढची दोन मिनिटं कोणालाच धड बघू देत नाहीत. त्याची प्रतिक्रिया चुकीची नाहीये, पण ती दुसऱ्याच परीक्षेची उत्तरपत्रिका तपासतेय. साधा प्रेक्षक विचारतो लागलं का, हा विचारतो लागलं असतं का.

बरं, आता लव्हस्टोरी. इथे जरा शरीराचं शास्त्र बघावं लागेल, फार नाही, थोडंच.

फाइट बघताना आपलं हृदय जोरात चालतं, तळहात ओले होतात, श्वास वर येतो. फाइट संपली की मेंदूला लगेच कळतं संपली म्हणून, पण शरीर काही स्विच बंद केल्यावर दिवा जावा तसं लगेच शांत होत नाही, त्याला काही मिनिटं लागतात. डॉल्फ झिलमन नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1970 च्या दशकात यावर काम केलं. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं की आधीच्या सीनची ही उरलेली धडधड पुढच्या भावनेत जाऊन मिसळते आणि ती भावना आहे त्यापेक्षा मोठी वाटायला लागते. पुढे विनोद आला तर जास्त हसू, रडण्याचा सीन आला तर जास्त रडू, आणि प्रेमाचा सीन आला तर ते प्रेम जास्त खरं वाटणार. आपल्याला वाटतं अॅक्टिंग भारी होती, त्यात अर्धं काम मागच्या फाइटने करून ठेवलेलं असतं.

याच्याच जवळचा एक गाजलेला प्रयोग आहे, 1974 चा, कॅनडातल्या व्हँकुव्हरजवळच्या कॅपिलानो झुलत्या पुलावरचा. डोनाल्ड डटन आणि आर्थर एरन या दोघांनी केलेला. खोल दरीवरचा हलणारा पूल, त्यावरून येणाऱ्या पुरुषांना एक तरुणी थांबवते, एक छोटी प्रश्नावली भरून घेते आणि म्हणते नंतर काही विचारायचं असलं तर हा माझा फोन नंबर. तेच सगळं दुसरीकडे, कमी उंचीच्या भक्कम पुलावर. झुलत्या पुलावर ज्या 18 जणांनी नंबर घेतला त्यातल्या 9 जणांनी नंतर फोन केला, भक्कम पुलावरच्या 16 पैकी फक्त 2 जणांनी. म्हणजे उंचीच्या भीतीची धडधड काही जणांनी त्या पोरीच्या खात्यावर जमा केली असावी. माणसं फार थोडी होती, त्यामुळे या एका प्रयोगावर मोठा इमला बांधू नये, पण दिशा कळते. आपल्याकडे होळकर पुलावर हा प्रयोग करता आला नसता, तिथे ट्रॅफिकनेच सगळ्यांचं हृदय आधीपासून जोरात चालू असतं.

तर आता तो एक सीन आठवा जो जवळजवळ प्रत्येक असल्या पिक्चरमधे असतो, जखम बांधायचा. हीरो मार खाऊन आलाय, भुवईवर फाटलंय, ती कापूस डेटॉलमधे बुडवून लावते, तो दातओठ खातो, ती म्हणते हलू नको, कॅमेरा आता जवळ आलाय, मघाशी जो हात विटा फोडत होता तोच हात गुडघ्यावर गप्प पडून आहे. दोघं फारसं बोलत पण नाहीत. कित्येक वेळा बघितलेला सीन, घासून गुळगुळीत झालेला, तरी चालतो. का चालतो? कारण तो फाइटला लागून येतो, आपली धडधड अजून उतरलेली नसते. शिवाय त्या सीनला फाइटचा परिणाम दिसतो, म्हणजे मघाचा मार खोटा नव्हता हे पण कळतं. एकाच सीनमधे दोन्ही पार्ट्या खूष.

आता हाच सीन काढून तिथे परदेशातलं गाणं टाका. बर्फ, ओढणी, चार ड्रेस. तेही फाइटनंतर पंधरा मिनिटांनी, मधे व्हिलनच्या अड्ड्यावरच्या गप्पा झाल्यावर. तोवर शरीर थंड पडलेलं, प्रेम आता शून्यातून उभं करायचं, आणि गाण्याने गोष्ट पुढे सरकत नाही हे पब्लिकला माहितीय, मग निम्मी लाइन पॉपकॉर्नला. तिथे उभा राहून माणूस म्हणतो "लव्हस्टोरी बोअर". अरे लव्हस्टोरी कुठे बघितलीस तू, गाणं बघितलंस. आणि याचा राग हीरोइनवर निघतो, तिने अॅक्टिंग केली असली तरी.

उलटं पण होतं. ज्या फाइटमागे काही पणाला लागलेलं नाही ती फाइट म्हणजे नुसता जिम्नॅस्टिक्सचा कार्यक्रम, पहिल्या दोन उड्यांना वा वा आणि तिसरीपासून मोबाइल बाहेर. पणाला काय लावायचं तर सगळ्यात सोपं म्हणजे प्रेमाचं माणूस, म्हणून हे दोन प्रकार एकत्र येतात. फक्त आळशी लेखक काय करतो, हीरोइनला उचलून नेतो आणि गोदामात खुर्चीला बांधतो. हे इतक्या वेळा झालंय की तिला बांधलेलं बघून भीती वाटायच्या ऐवजी लोक घड्याळ बघतात, चला आता शेवटची अर्धा तास फाइट.

आपल्या जुन्या शास्त्रात या मिश्रणावर चांगली चर्चा झालेली आहे. भरताच्या नाट्यशास्त्रात आठ रस, त्यात शृंगाराचा स्थायीभाव रती आणि वीराचा उत्साह, हे शाळेत कधीतरी कानावरून गेलेलं असतं. पण माझ्या मते कामाचं सांगितलंय ते नवव्या शतकातल्या काश्मीरच्या आनंदवर्धनांनी, ध्वन्यालोक या ग्रंथात. कोणते रस एकमेकांसोबत नांदतात आणि कोणते एकमेकांना मारतात याचा विचार त्यांनी केलाय. त्यांच्या हिशोबाने वीर आणि शृंगार नांदू शकतात, पण एक मुख्य आणि दुसरा त्याच्या सोबतीला असा असायला हवा. शृंगाराचं वाकडं आहे ते बीभत्साशी. आता हे आजच्या पिक्चरला लावून बघा. हीरो लढतोय, चपळाई आहे, हिंमत आहे, तिथे वीररस, त्याच्या शेजारी प्रेम खपतं. पण हाड मोडून कातडीबाहेर आलेलं क्लोजअपमधे दाखवलं, रक्ताची चिळकांडी कॅमेऱ्यावर, आणि पाचव्या मिनिटाला मंद दिव्यात दोघांची गळाभेट, तर पोटात अजून ढवळत असतं, गळाभेट कुठली जाते पचनी. बाहेर येऊन लोक म्हणतात केमिस्ट्री नव्हती. केमिस्ट्री असेलही, बीभत्साने ती मारली. आणि निर्माता तर दोन्ही रसांना सारखीच मिनिटं वाटून देतो, कोणालाच मुख्य करत नाही, म्हणजे दोन अर्धे पिक्चर एका तिकिटात, हा तर सगळ्यात कॉमन घोळ.

जास्त रक्ताने अजून एक व्यवहारी गोष्ट होते. सेन्सॉरने ए सर्टिफिकेट दिलं की अठराच्या खालची पोरं बाहेर, आणि नाशिकमधे असल्या पिक्चरला शिट्ट्या मारणारा निम्मा वर्ग अकरावी-बारावीचा असतो. 2024 च्या नियमांपासून यूएचे पण तीन भाग झालेत, 7 प्लस, 13 प्लस आणि 16 प्लस, त्यात किती वयाच्या पोराला दाखवायचं ते आईबापांनी ठरवायचं. पण ए मिळालं की हॉलमधला आवाजच बदलतो.

भाषेचा मुद्दा कोणी फार बोलत नाही पण मला तो मोठा वाटतो. फाइटला भाषा लागत नाही, प्रेमाला लागते. हिंदीत डब केलेले कुंगफू पिक्चर टीव्हीवर बघत मोठी झालेली आपली अख्खी पिढी आहे, त्यात फाइट आली की सगळे सरसावून बसायचे आणि हीरो हीरोइनशी बोलायला लागला की हसायचे, कारण ओठ एकीकडे आणि "मैं तुम्हारे बिना अधूरा हूँ" दुसरीकडे. त्या पिक्चरची लव्हस्टोरी वाईट होती का चांगली ते आपल्याला कधी कळलंच नाही.

याचं जगातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे तैवानचे दिग्दर्शक अँग ली यांचा 2000 सालचा क्राउचिंग टायगर हिडन ड्रॅगन. फाइट बसवल्या युएन वू-पिंग यांनी, तारेवर लटकून बांबूच्या शेंड्यांवरची लढाई त्यातलीच. अमेरिकेत या पिक्चरने 12 कोटी 80 लाख डॉलरच्या आसपास कमाई केली, इंग्रजी नसलेल्या पिक्चरने तिथे 10 कोटींचा टप्पा पहिल्यांदा ओलांडला, चार ऑस्कर मिळाली, लोक रडत बाहेर पडले. आणि चिनी भाषा कळणाऱ्या बऱ्याच प्रेक्षकांनी नाकं मुरडली. एक तक्रार, पहिली फाइट यायलाच पंधरा मिनिटं लागतात. दुसरी, हीरो चाऊ युन-फॅट हाँगकाँगचा, मिशेल येओ मलेशियाची, पिक्चर मँडरिन या चिनी भाषेत, त्यात दोघांचे उच्चार ऐकून त्यांना ते प्रेमाचे गंभीर डायलॉग खटकले. अमेरिकन माणूस खाली सबटायटल वाचत होता, त्याला उच्चार काय कळणार, त्याच्यासाठी प्रेम शुद्धच होतं. म्हणजे ज्यांना भाषा येत होती त्यांचीच लव्हस्टोरी बिघडली! उडण्याच्या बाबतीत मात्र उलटं, चिनी प्रेक्षकाला असल्या कथांमधले योद्धे छपरांवरून पळतात हे लहानपणापासून माहिती, बाहेरच्याला ते नवल. आपल्याला तर खरं हे सोपं जायला हवं, मारुतीने द्रोणागिरी उचलून आणलेला आपल्याला चालतो, पण चिनी म्हातारा झाडावर चढला की आपण फिदीफिदी हसतो.

याच पिक्चरमधे एक जागा आहे जी मी प्रत्येक "लव्हस्टोरी बोअर"वाल्याला दाखवतो. वाळवंटात एक दरोडेखोर श्रीमंत घरच्या पोरीचा कंगवा पळवतो. ती घोडा काढून त्याच्या मागे, कंगवा परत दे, मारामारी, पुन्हा पाठलाग, पुन्हा मारामारी, आणि या मारामारीतच दोघं एकमेकांच्या प्रेमात पडतात. कोणता भाग फाइट आणि कोणता रोमान्स हे वेगळं काढताच येत नाही. फाइट संपताना त्या दोघांचं नातं सुरू होताना होतं तसं राहिलेलं नाही, बस्स, एवढीच कसोटी आहे. ही जागा बघताना पॉपकॉर्नला कोणी उठत नाही.

प्रतिक्रियेचा विषय निघालाय आणि आपण नाशिकचे, तर फाळकेंना सोडून कसं चालेल. दादासाहेब फाळके त्र्यंबकचे, जन्म 30 एप्रिल 1870, पांडवलेणीच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, शाळेच्या सहलीत सगळ्यांनी बघितलेलं. त्यांचा 1919 चा कालिया मर्दन घ्या, त्यांच्या छोट्या मुलीने, मंदाकिनीने, त्यात कृष्ण केलाय. पिक्चरच्या सुरुवातीला ही पोर आधी नुसते चेहऱ्याचे भाव करून दाखवते, मग कृष्ण होते. पुढे कृष्ण पाण्यात कालियाशी झुंजतो तेव्हा फाळके नुसती झुंज दाखवत बसत नाहीत, मधेमधे काठावर जमलेली, घाबरलेली माणसं दाखवतात. बघणाऱ्याला बघणारे दाखवायचे. त्या काठावरच्या लोकांनी तोंडाला हात लावला की हॉलमधल्या माणसाचा पण हात वर जातो.

आजच्या अॅक्शन-रोमान्समधे काठावरच्या त्या सगळ्या माणसांचं काम एकट्या हीरोइनला दिलेलं असतं. हीरोला लागलं, कट, तिचं तोंड. हीरो उठला, कट, तिचे डोळे भरले. तंत्र म्हणून चोख आहे, पण अडीच तास एक माणूस नुसतं बघण्याचंच काम करत असेल तर आजकालच्या पोरींना ते खटकतं आणि बरोबर खटकतं. भोसला किंवा केटीएचएम कॉलेजच्या मैदानावर प्रॅक्टिस करणाऱ्या पोरी बघितल्यात ना, त्यांच्यातली एखादी हे बघून "हिला दोन ठेवून देता येत नाहीत का" म्हणणारच. आणि लढणारी बाई आपल्या पब्लिकला चालत नाही हे तर सांगूच नका कोणी, 1935 साली हंटरवाली या पिक्चरमधे नादिया या हीरोइनने पुरुषांना लोळवलं होतं आणि लोकांनी गर्दी केली होती.

आता हॉल. पिक्चर कसा वाटला यात शेजारी कोण बसलं होतं याचा वाटा आपण धरतो त्याच्यापेक्षा बराच मोठा असतो. रॉबर्ट प्रोव्हाइन नावाच्या संशोधकाने हसण्यावर काम केलं होतं, त्यांच्या निरीक्षणात माणूस एकटा असताना जेवढं हसतो त्याच्या जवळजवळ 30 पट माणसांत असताना हसतो. शुक्रवारी रात्रीच्या भरलेल्या शोमधे जो डायलॉग छप्पर उडवतो तोच बुधवारी दुपारी अकरा माणसांच्या हॉलमधे ऐकून कोणी पापणी पण हलवत नाही, एसीचा आवाज तेवढा येतो.

आणि प्रेमाच्या सीनला तर शेजारीच सगळं ठरवतो. मित्रांच्या टोळीत बसलेला पोरगा किसिंग सीनला "ओओओ" करतो, ती काही आवड नाही, ती लाज झाकायची पद्धत आहे, पाच जणांसमोर हळवं व्हायचं कसं म्हणून आरडाओरडा. तोच पोरगा मैत्रिणीसोबत आला तर चिडीचूप. आणि तोच आई-बाबांसोबत, आत्या पण आलीय, तर त्या क्षणी अख्ख्या रांगेला एकदम तहान लागते. बाबा बाटलीचं झाकण उघडतात, आई पर्समधे काहीतरी शोधते, आत्या विचारते इंटरव्हल झालं का रे. घरी येऊन एकमताने निकाल, पिक्चर ठीक होता पण नको तिथे लांबवलाय. चाळीस सेकंदांचा सीन असतो हो तो.

स्टारच्या आकड्यांकडे बघून जाणाऱ्यांसाठी एक गणित. समजा दहा जणांनी पिक्चर बघितला, पाच फाइटवाल्यांनी दहापैकी नऊ दिले आणि पाच जणांनी तीन. सरासरी आली सहा. आता सहा म्हणजे बरा, टाइमपास, असं आपण वाचतो, पण त्या दहातल्या एकालाही तो बरा वाटलेला नाही, कोणाला जबरदस्त वाटलाय नाहीतर भंगार. दोन रसांच्या पिक्चरला हे जास्त होतं, म्हणून असल्या पिक्चरची सरासरी बघायचीच नाही, नऊवाले काय बोलतायत आणि तीनवाले काय बोलतायत ते वेगवेगळं वाचायचं आणि आपण कोणत्या रांगेतले ते बघायचं. त्यातून पहिल्या दिवशी जाणारा हा आधीच फॅन असतो, त्याने ठरवूनच नऊ आणलेले असतात, सोमवारनंतरचा आकडा त्यातल्या त्यात खरा.

ट्रेलर पण याला जबाबदार. ट्रेलरमधे दोन मिनिटं नुसत्या लाथा दाखवल्या की लाथावाले येतात, त्यांना पहिला अर्धा तास प्रेम मिळालं की फसवल्यासारखं वाटतं, मग ते प्रेम कितीही चांगलं लिहिलेलं असो. उलट गाणं दाखवून बोलावलेली फॅमिली पहिल्याच रीळात मान मोडलेली बघून हबकते. पिक्चर तोच ठेवून नुसता ट्रेलर बदलला असता तरी निम्म्या शिव्या वाचल्या असत्या असं कितीतरी वेळा वाटतं.

घरी मोबाइलवर बघणाऱ्यांनी यातून वेगळीच वाट काढलीय, दहा-दहा सेकंद पुढे ढकलायची. दादा गाणी आणि प्रेम ढकलतो, वहिनी फाइट ढकलते, प्रत्येकाला आपापला पिक्चर मिळतो आणि दीड तासात संपतो. फक्त वर ती उरलेल्या धडधडीची गोष्ट सांगितली ना, तिचं काय होतं बघा. वहिनीने फाइट ढकलून थेट पट्टी बांधायचा सीन लावला, तर त्यात एक माणूस दुसऱ्याच्या भुवईला कापूस लावतोय एवढंच दिसतं. मग ती म्हणते, काही दम नाही लव्हस्टोरीत.